चेहरा दिसत नव्हता, तरी पेशंट ओळखला गेला

प्रश्न: मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी खासगी हॉस्पिटलमध्ये आयसीयूला स्टाफ नर्स आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाले, नोकरीला चार वर्षं झाली. गेल्या आठवड्यात एक काका आठ दिवसांनी व्हेंटिलेटरवरून निघाले. नाईट संपताना त्यांचा हात हातात घेऊन मी फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. चेहरा नाही, नाव नाही. खाली फक्त 'आठ दिवसांची झुंज, काका जिंकले' एवढंच लिहिलं. दुपारी त्यांचा मुलगा ओरडतच आला. फोटोत मागे शिरेतून औषध सोडणारा सिरिंज पंप आला होता आणि त्यावर अ‍ॅट्रोपिन या विषबाधेवर चालणाऱ्या औषधाची चिठ्ठी होती. घरच्यांनी गावात 'हार्टचा त्रास झाला' असं सांगितलं होतं. आता गावभर झालंय की काकांनी औषध, म्हणजे फवारणीचं विष, घेतलं होतं. मी स्टेटस लगेच काढलं. मुलाने लेखी तक्रार दिली आहे आणि आमच्या नर्सेसच्या प्रमुख मेट्रन मॅडमनी तीन दिवसांत खुलासा मागितला आहे. मैत्रिणी म्हणतात, सगळं डिलीट कर आणि 'फोटो कुणाचाही असू शकतो' म्हण. आमच्या ग्रुपवर डॉक्टर रोज ईसीजी, एक्स-रे टाकतात, त्यांना कुणी काही बोलत नाही. मी खरंच एवढी मोठी चूक केली का? आणि आता काय करू?

प्रिय सिस्टर,

हो, चूक मोठी आहे. हे आधीच सांगतो, कारण खुलासा लिहायला बसाल तेव्हा मनात त्याबद्दल शंका असेल तर ती कागदावर उतरेल आणि मुलाला ती लगेच दिसेल. तुमचा हेतू वाईट नव्हता हे पत्रातून कळतंच. आठ दिवस सक्शनने कफ काढायचा, दर दोन तासांनी कूस बदलायची, डोळ्यांच्या बाहुल्या तपासून चार्ट भरायचा आणि मग तो माणूस स्वतःहून श्वास घेताना बघायचा, यातला आनंद आयसीयूत काम केलेल्या कुणालाही समजेल. पण काकांचं जे नुकसान झालं, ते तुमच्या हेतूने कमी होत नाही.

'चेहरा नाही, नाव नाही' हा हिशोब फसला कुठे, ते नीट समजून घ्या. आपण फोटो टाकताना डोळ्यांसमोर अनोळखी माणूस धरतो. त्याला खरोखरच काही कळत नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस साधारणपणे बघतात कोण? तुमच्याकडे ज्यांचा नंबर आहे आणि ज्यांच्याकडे तुमचा आहे ती माणसं. म्हणजे तुमच्याच तालुक्यातली: मैत्रिणी, मेडिकलवाला, जुने पेशंट, नात्यागोत्यातले. कोण कुठल्या हॉस्पिटलला अ‍ॅडमिट आहे हे तालुक्याच्या गावी एसटी स्टँडवरसुद्धा माहीत असतं. काका तुमच्याकडे आहेत हे त्यांना आधीच ठाऊक होतं. त्यांना एकच गोष्ट माहीत नव्हती, काय झालं होतं ती. ती तुमच्या फोटोने सांगितली.

अ‍ॅट्रोपिनची चिठ्ठी सामान्य माणसाला काहीच सांगत नाही. पण कपाशीच्या पट्ट्यात आयसीयूच्या पंपावर दिवसेंदिवस चालणारं अ‍ॅट्रोपिन म्हणजे बहुतेक वेळा फवारणीच्या औषधाची विषबाधा, हे मेडिकल दुकानात काम करणाऱ्या पोराला, नर्सिंगच्या विद्यार्थिनीला, पूर्वी कधी असा पेशंट घरात झालेल्या कुणालाही समजतं. त्यात तुम्ही 'आठ दिवस' लिहिलंत. हार्टचा पेशंट आणि आठ दिवस व्हेंटिलेटर हा मेळ पटला नाही म्हणून लोकांनी फोटो मोठा करून बघितला असणार. आजार, दिवस आणि ठिकाण या तीन गोष्टी एकत्र आल्या की छोट्या गावात नाव सांगावं लागत नाही.

आता मैत्रिणींच्या सल्ल्याबद्दल. 'फोटो कुणाचाही असू शकतो' हे अजिबात म्हणू नका. खोटं आहे आणि टिकणारही नाही. त्या तारखेला आयसीयूत कुणाला अ‍ॅट्रोपिन चालू होतं ते केसपेपरवर, ड्रग चार्टवर लिहिलेलं आहे, ड्यूटी कुणाची होती ते रोस्टरवर आहे. चुकीसाठी मेमो मिळतो, कधी पगार कापला जातो. खोटं पकडलं गेलं की नोकरी जाते आणि पुढच्या ठिकाणी चौकशी झाली तर तेच पुढे जातं.

'सगळं डिलीट कर' हेही अर्धवट आहे. स्टेटस काढलंत ते बरोबर केलंत, लोकांच्या डोळ्यांसमोरून ते जायलाच हवं होतं. पण तक्रार आल्यानंतर फोन साफ करणं म्हणजे पुरावा नष्ट केल्यासारखं दिसतं. तेव्हा असं करा. मूळ फोटो गॅलरीत असेल तर मेट्रन मॅडमना तसं सांगा, हॉस्पिटलला प्रत हवी असेल तर ती त्यांच्या समोर द्या, आणि मग त्यांच्या लेखी सूचनेनुसार काढून टाका. काढताना चार ठिकाणी बघावं लागतं: गॅलरी, तिथली कचरापेटी, गुगल फोटोज आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केल्यावरही ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, आयफोनवर 'रीसेंटली डिलीटेड'मध्ये साधारण ३० दिवस. बहुतेक जण पहिल्या ठिकाणी थांबतात आणि फोन दुरुस्तीला गेल्यावर फोटो तिसऱ्याच माणसाच्या हाती पडतो.

स्टेटस कुणी स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवलं असेल तर तुम्हाला सूचना येत नाही. ज्यांनी पाठवल्याचं खात्रीने माहीत आहे त्यांना एकच ओळ लिहा: 'तो फोटो मी टाकायला नको होता, कृपया तुमच्याकडचा काढून टाका आणि पुढे पाठवू नका.' यापुढे एक शब्द नको. आणि माफीचं नवं स्टेटस तर मुळीच ठेवू नका. ज्यांनी पहिलं पाहिलं नव्हतं त्यांनाही त्यातून कळेल.

खुलासा छोटा ठेवा, एका पानाच्या आत. फोटो कोणत्या तारखेला, किती वाजता काढला, स्टेटस किती वाजता ठेवलं, किती वाजता काढलं, काढलं तेव्हा किती जणांनी बघितलेलं दिसत होतं, आणखी कुठे टाकला होता का, हे सगळं आठवेल तसं पण खरं लिहा. नक्की आठवत नसेल तिथे 'अंदाजे' लिहा. मग सरळ: 'पेशंटची परवानगी घेतलेली नव्हती. फोटोत औषधाची चिठ्ठी आली आहे हे मी पाहिलं नाही, ते पाहणं माझी जबाबदारी होती. पेशंट आणि कुटुंबाला झालेल्या त्रासाबद्दल मी माफी मागते.' डॉक्टर ग्रुपवर काय टाकतात ते या कागदात आणू नका. तो मुद्दा खरा आहे, त्याकडे येतोच, पण इथे लिहिलात तर तो बचाव वाटेल. खुलाशात पेशंटचं निदान पुन्हा लिहू नका, आयपीडी नंबर (भरतीचा नोंदणी क्रमांक) पुरे. प्रत स्वतःजवळ ठेवा आणि पोच घ्या. मुलगा पोलिसांत गेल्याचं कळलं तर कागद देण्याआधी वकिलाला दाखवा.

कुटुंबाची माफी मागायला एकट्या त्यांच्या घरी जाऊ नका, फोन किंवा मेसेज करू नका. तुम्ही घरात शिरलेल्या पाहूनच शेजारी पुन्हा चर्चा सुरू करतील. भेट हॉस्पिटलमध्ये, बंद खोलीत, मेट्रन किंवा आरएमओंच्या (निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या) समोर व्हावी. दोन वाक्यं बोला आणि ऐकून घ्या. 'पण चेहरा दिसत नव्हता' हे वाक्य तोंडातून निघालं तर माफीचं पाणी होतं.

आणि गावात, लग्नात, बसमध्ये कुणीतरी विचारणारच, 'काय गं, खरंच औषध घेतलं होतं का?' उत्तर ठरवून ठेवा: 'पेशंटबद्दल मी काहीच सांगत नाही.' हे उत्तर सगळ्या पेशंटबद्दल, सगळ्यांना, कायम एकच असावं. साध्या तापाच्या पेशंटबद्दल 'काही नाही हो, व्हायरल आहे' म्हणालात आणि काकांबद्दल गप्प राहिलात, तर गप्प राहणं म्हणजेच 'हो' असा अर्थ निघतो. आईला, नवऱ्यालाही हेच. घरी सांगितलेली गोष्ट घरातच राहील असं आपण धरून चालतो, आणि ती किटी पार्टीतून किंवा पारावरून परत येते.

कायद्याचं थोडक्यात. डॉक्टरांसाठी २००२ ची व्यावसायिक आचारसंहिता आहे. तिच्या कलम ७.१४ प्रमाणे व्यवसायात कळलेलं पेशंटचं गुपित उघड करता येत नाही. अपवाद मोजके: न्यायाधीशांचा आदेश, एखाद्या ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका, आणि कळवणं बंधनकारक असलेले आजार. कलम ७.१७ प्रमाणे ओळख पटेल असा फोटो किंवा केस परवानगीशिवाय छापता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम काढले, त्यात समाजमाध्यमांवर स्वतंत्र भाग होता. त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२ चे नियम परत लागू झाले. 'नर्सना हे लागू नाही' असं कुणी सांगेल. लॅम्प लाइटिंगला हातात दिवा घेऊन तुम्ही जी शपथ घेतली, तिच्यात पेशंटच्या खासगी गोष्टी गुप्त ठेवण्याचं वचन होतं. नर्सिंगच्या आचारसंहितेत तेच आहे, तुमची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे आहे आणि तक्रार तिथेही जाऊ शकते. नेमणूक पत्र काढून वाचा, गोपनीयतेचं कलम त्यात बहुधा असेल. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आल्यापासून टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे.

काही पेशंटच्या बाबतीत तर थेट गुन्हाच होतो. गर्भपात केलेल्या स्त्रीचं नाव किंवा तपशील डॉक्टरने उघड केला तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. मूल असेल तर पॉक्सो (बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) लागतो आणि त्यात माध्यमांतून शाळा किंवा शेजार सांगणंही धरलं जातं. एचआयव्हीची माहिती जपण्यासाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे. असे पेशंट वॉर्डात असतील त्या दिवशी फोन खिशातून काढूच नये.

तुमच्या मनात एक प्रश्न राहिला असेल: एमएलसी (पोलिसांना कळवायची केस) झाली, पोलिसांना तर आपणच कळवलं, मग गुपित राहिलं कुठे? पोलिसांना कळवणं हे हॉस्पिटलचं कायदेशीर काम आहे. ते ठरलेल्या माणसाला, ठरलेल्या कागदावर, ठरलेल्या कारणासाठी झालं. त्याने बाकी गावाला दार उघडत नाही. आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाकडे कायदा आज गुन्हेगार म्हणून बघत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ तो तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतं आणि त्याच्या उपचाराची, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतं. इतकं करूनही पेशंट घरी गेल्यावर त्याला टोमणे ऐकावे लागले तर सगळं फुकट जातं. एकदा असा प्रयत्न केलेल्या माणसाला पुन्हा धोका असतो. तेव्हा खुलाशाच्या आधी एक काम करा. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की गावात बातमी पसरली आहे, डिस्चार्जच्या आधी मानसोपचारतज्ज्ञांची भेट व्हावी, आणि फवारणीचं औषध घरात कुलपात किंवा घराबाहेर ठेवण्याबद्दल नातेवाइकांशी बोलावं. डिस्चार्ज कार्डवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून द्यायला सांगा. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

आता ग्रुपबद्दल. रात्री दोन वाजता फिजिशियन घरी असताना ईसीजी फोनवर पाठवणं चूक नाही, त्यात पेशंटचा जीव वाचतो. चूक होते ती ४० जणांच्या ग्रुपवर टाकण्यात, जिथे सोडून गेलेला आरएमओ, अकाउंट्सवाले आणि फार्मसीचा मुलगाही आहे. ज्या डॉक्टरला सल्ला द्यायचा आहे त्यालाच वेगळा पाठवा. इथे एक गोष्ट सांभाळा. नाव झाकलं की पेशंटची अदलाबदल होण्याचा धोका वाढतो. एकाच रात्री दोन ईसीजी गेले आणि ऑर्डर भलत्याच बेडवर लागली तर गोपनीयता जपून काय उपयोग? म्हणून बेड नंबर, आयपीडी नंबरचे शेवटचे चार आकडे आणि वेळ, एवढं लिहा. मग फोन करा, ऑर्डर ऐका, परत वाचून दाखवा आणि केसपेपरवर वेळेसकट उतरवा. डॉक्टरांची सही झाली की मेसेज दोन्हीकडून काढा. हे उलट्या क्रमाने करू नका. आपोआप गायब होणारे मेसेज लावले आणि ऑर्डर केसपेपरवर चढलीच नाही, तर उद्या काही झाल्यावर दाखवायला कागद नसतो. नियमाप्रमाणे आंतररुग्णांचे कागद किमान तीन वर्षं ठेवावे लागतात, एमएलसीचे तर प्रकरण संपेपर्यंत सांभाळतात.

फोनमध्ये आजच बदला: व्हॉट्सअ‍ॅपची 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद, ऑटो-डाऊनलोड बंद, गुगल फोटोजमध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरचा बॅकअप बंद, लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद. घरी मुलं गेम खेळायला फोन घेतात आणि गॅलरीत जखमांचे फोटो बघतात, हे बऱ्याच घरांत होतं. नर्सिंग स्टेशनच्या कॉम्प्युटरवर कुणाचं व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं राहिलंय का तेही बघा. 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये आपलं खातं कुठे कुठे चालू आहे ते दिसतं, ओळखीचं नसेल ते लगेच लॉगआउट करा.

फोटो झाकण्याच्या युक्त्यांवर फार विसंबू नका. एक्स-रेच्या कोपऱ्यात आणि ईसीजीच्या वरच्या ओळीत नाव, वय, तारीख असते. मॉनिटरवर बेड नंबर असतो. मनगटावर पट्टी, सलाईनच्या बाटलीवर चिठ्ठी, मागे भिंतीवर पेशंटच्या नावांचा फळा असतो. फोनमधल्या हायलायटरने खाडाखोड केली तर रंग अर्धपारदर्शक राहतो, ब्राइटनेस वाढवला की नाव वाचता येतं. प्रेझेंटेशनमध्ये चित्र क्रॉप केलं तरी कापलेला भाग फाइलमध्ये राहू शकतो. हातावरचं गोंदण, अंगठी, जुन्या अपघातात गेलेलं बोट, हे तर झाकायचं कुणाला सुचतच नाही आणि घरच्यांना पहिल्या नजरेत ओळखू येतं.

परवानगी घेऊन टाकायचं असेल तर? घेता येते, पण आयसीयूच्या खाटेवर नाही. काकांना त्या दिवशी अ‍ॅट्रोपिन चालू होतं, त्याने माणूस गोंधळलेला असू शकतो. त्यांनी मान हलवली असती तरी ती संमती नव्हती. बिल बाकी असताना, पेशंट अजून तुमच्या हाताखाली असताना विचारलं तर 'नाही' म्हणायची हिंमत होत नाही. फॉलोअपला आल्यावर, हॉस्पिटलच्या परवानगीने, मराठीत लिहिलेल्या वेगळ्या कागदावर घ्या. कोणता फोटो, सोबत काय मजकूर, कुठे टाकणार, नंतर काढा म्हटलं तरी पसरलेला परत आणता येत नाही, आणि नकार दिला तरी उपचारात फरक पडणार नाही, हे सगळं त्यावर हवं. टाकायची पोस्ट त्यांना आधी दाखवा. पेशंट शुद्धीवर असताना मुलाची किंवा सुनेची सही चालत नाही. भरतीच्या फॉर्ममध्ये बारीक अक्षरात घुसवलेली परवानगी ही परवानगी नव्हेच.

सोशल मीडिया सोडून द्या असं सांगणार नाही. फवारणी करताना काय काळजी घ्यावी, साप चावल्यावर काय करू नये, हे तुमच्यासारख्या सिस्टरने मराठीत सांगितलं तर लोक ऐकतात. १२ मेच्या परिचारिका दिनाचे फोटो टाका, वॉर्डाबाहेर, मागे रिकामी भिंत घेऊन. फक्त वेळ सांभाळा. काल सर्पदंशाचा पेशंट दगावला आणि आज तुमची सर्पदंशाची पोस्ट आली, तर गाव त्या घराचंच नाव घेतं. महिना-दोन महिने जाऊ द्या. आणि 'आजची केस' अशी सुरुवात कधीच नको.

मेट्रन मॅडमना एक विनंती तुम्हीच करू शकता, खुलाशाचं प्रकरण मिटल्यावर आणि वेगळ्या कागदावर: डॉक्टरांचा सल्ला घेण्यासाठी आयसीयूला हॉस्पिटलचा स्वतंत्र फोन असावा, तो वॉर्डाबाहेर जाऊ नये, आणि जुनी माणसं ग्रुपमधून काढावीत. रिसेप्शनजवळ रुग्ण हक्क सनद लावलेली असेल, गोपनीयतेचा मुद्दा तिच्यात आहेच. तिचा आधार घ्या.

काका अजून तुमच्याकडेच असतील तर स्वतःहून ड्यूटी बदलून मागा, नाकारली तर निमूटपणे काम करा, नेहमीइतकंच नीट. आणि कधी त्यांनीच विचारलं, 'माझा फोटो टाकला होतास का पोरी?' तर 'हो काका, न विचारता टाकला, माझं चुकलं' एवढं म्हणा आणि ते जे बोलतील ते उभं राहून ऐका. खुलासा उद्या सकाळीच द्या, तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका.